देवामागची भिंत

कौसाबाई घर बघायला यायची तेव्हा चपला खाली जिन्यापाशीच काढायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि पिशवी काखेत मारून अनवाणी वर चढायची. दारात पोचेपर्यंत तिला अर्धी बिल्डिंग कळलेली असायची. लादी खालून पोकळ असली तर पायाला समजतं, असं तिचं म्हणणं. आत आली की ना खिडकीतला देखावा बघायची ना फर्निचर. सरळ न्हाणीघरात जाऊन विचारायची, "बादली हाय का? आन् फडकं?"

आणि घर पुसायला घ्यायची. अजून विकलं न गेलेलं, कोणाचंच नसलेलं घर, आणि ही बाई कोपऱ्याकोपऱ्यातून फडकं फिरवतेय.

मी सातवी शिकलेला माणूस. अंबडच्या कारखान्यात लेथ चालवण्यात जन्म गेला. लिहिणं हा आपला धंदा नाही. पण आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एक वही फिरते, त्यात प्रत्येकानं आठवणीतल्या एका माणसाबद्दल लिहायचं ठरलंय. सगळ्यांना वाटलं, मी शकूबद्दल लिहीन. बायको जाऊन वर्ष होत आलं, दुसऱ्या कोणाबद्दल लिहिणार. दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. कौसाबाईबद्दल येतं, म्हणून कौसाबाई.

ती घोटीकडची. नवरा-बायको नाशकात बांधकामावर आले. नवरा सेंट्रिंगच्या कामावर आणि ही पाणी मारायला. सिमेंटचं काम झालं की त्याला बरेच दिवस पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते तडकतं. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवायचं, खांबांना गोणपाट गुंडाळून भिजवायचं, भिंतींवर पाइप धरून उभं राहायचं. हे तिनं वीसेक वर्षं केलं. पाथर्डी फाट्याला उभं राहिलं की ज्या उंच उंच इमारती दिसतात, त्यातल्या कितीतरी तिच्या हातचं पाणी पिऊन मोठ्या झाल्या. वर नाव बिल्डरचं, बोर्डावर आर्किटेक्टचं. पाणी कौसाबाईचं.

पुढे नवरा गेला, गुडघे गेले. मग ती त्याच बिल्डिंगांमधून लादी पुसायची कामं करायला लागली. सिडकोत आम्ही भाड्यानं राहायचो आणि मागच्या खोलीत ती. शकूचं आणि तिचं जमायचं. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून मेथी निवडायच्या.

बिल्डिंगांची नावं तिला सांगता यायची नाहीत. तिची स्वतःची नावं होती. टँकर रुसलेली. मुकादम पळालेली. दोन साहेबांच्या भांडणातली. एकदा आमच्या गल्लीतले देशमुख मास्तर नवा फ्लॅट घेणार म्हणून पेढे वाटत होते. ही त्यांच्याकडे लादी पुसायची. पेढा हातात घेऊन म्हणाली, "मास्तर, त्या बिल्डिंगीला पाणी तीनच दिवस दिलं. मग टँकरच आला नाय."

मास्तर हसले. "कौसाबाई, मी इंजिनियरचा दाखला बघितलाय."

"दाखल्याला मारलं आसंल पाणी," म्हणाली आणि पेढा खाल्ला.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला मास्तरांकडे पंगत बसलेली असताना छताचा पोपडा सुटून श्रीखंडाच्या पातेल्यात पडला. कोणाला लागलं नाही, श्रीखंड तेवढं गेलं. बिल्डरनं फसवलं हे मास्तरांच्या तोंडून निघेना, म्हणून ते सगळ्यांना सांगायला लागले, "आमच्या कौसाबाईनं आधीच सांगितलं होतं हं." जणू तिला त्यासाठीच कामावर ठेवली होती. तेव्हापासून गल्लीत जो कोणी घर बघायला जाई तो हिला बरोबर नेई. ती म्हणायची, "घराला लहानपणी पाणी मिळालं नाय, तर ते म्हातारपणी पीत बसतं. भिंतीतनं, छतातनं, मिळंल तिथनं."

आम्हालाही घर घ्यायचं होतं. खरं तर शकूला. मला सिडकोतली खोली चालत होती. तिची मागणी एवढीच, स्वयंपाकघराला खिडकी हवी. सगळा जन्म तिनं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या. पाय चालताहेत तोवर स्वतःच्या खिडकीत उभं राहू दे, म्हणायची. मला फंड मिळाला, मुलगा विजय पुण्यात नोकरीला लागला, आणि आम्ही कौसाबाईला घेऊन घरं बघायला निघालो.

पहिल्याच ठिकाणी एजंट जोरात होता. "काका, एकदम क्लियर प्रॉपर्टी. वास्तुशास्त्राप्रमाणे." तेवढ्यात त्याला फडकं फिरवणारी कौसाबाई दिसली. त्याला वाटलं, बिल्डरनं पाठवलेली बाई. म्हणाला, "मावशी, गॅलरी पण घ्या. उद्या दुसरी पार्टी येणारे."

हिनं गॅलरी पण घेतली. बादलीभर पाणी ओतलं, उकिडवी बसून बघत राहिली. मग फडकं पिळत आत येऊन मला म्हणाली, "गॅलरीचं पाणी घरात येतंय, दादा. चला."

एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं. "अहो मावशी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"मी फडक्याच्या बाजूची."

अशी अकरा घरं झाली. एका ठिकाणी लादी पोकळ, एका ठिकाणी नक्षीदार छताच्या वर चिरलेलं बीम, एका ठिकाणी न्हाणीघराचा उतार दाराकडे. मलाही त्यात मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू. तपासणीची एक गंमत आहे. घर न घेण्याचं कारण शोधायला गेलं की सापडतंच, आणि सापडलं की माणसाला वाटतं आपण वाचलो. दोन वर्षं आम्ही असे वाचत राहिलो. शकूचे गुडघे काही वाचले नाहीत.

इंदिरानगरचं एक घर मात्र शकूच्या मनात फार भरलं होतं. चौथा मजला, जुनं पण नीट राखलेलं, ओट्यासमोर रुंद खिडकी. तिथे कौसाबाईनं बादलीसुद्धा मागितली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

"काय झालं गं?" शकूनं विचारलं.

"हे नको, वहिनी."

"अगं, बघितलं तरी का आत?"

"बघायचं काय त्यात. ह्या मजल्याला मी पाणी मारलं नाय. पोरगी तापली व्हती, दोन दिस खोपटातनं हलले नाय. मुकादमानं इचारलं तर मी म्हणाले, मारलं."

मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं उभीच आहे की बिल्डिंग."

"उभी हाय. पण हितनं जाताना मी वर बघत नाय."

शकूनं विचारलं, "आणि इथे राहणाऱ्या बाईंना कधी सांगितलंस का?"

"सांगितलं. त्यांची लादी पुसायचे तवा. त्या म्हणाल्या, आता काय उपेग, लादी पूस."

त्या रात्री शकू जेवताना म्हणाली, "तिच्या पोरीचा ताप उतरला आणि माझं स्वयंपाकघर गेलं." दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा ओट्यावर मेथी निवडत होत्या.

शेवटी विजय वैतागला. "बाबा, दोन वर्षं तुम्ही बादली घेऊन फिरताय. आता हे काम शिकलेल्या माणसाला करू दे." त्यानं मोबाइलवरून एका कंपनीचा इन्स्पेक्शनवाला साहेब ठरवला. घर होतं पाथर्डी फाट्याला, दुसरा मजला, लिफ्ट, आणि स्वयंपाकघराला खिडकी. बिल्डरचा शेवटचा उरलेला फ्लॅट. कौसाबाई ह्या बिल्डिंगीवर कधी कामाला नव्हती, त्यामुळे तिला आठवण्यासारखं काही नव्हतं. शकूनं हट्टानं तिलाही बरोबर घेतलं.

साहेब तरुण होता, अदबशीर होता. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत आला. हातात एक यंत्र, भिंतीला टेकवलं की आकडा दाखवायचं आणि ओल असली की किंचाळायचं. तो भिंतीला यंत्र लावत पुढे आणि कौसाबाई फडकं मारत मागे. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

बिल्डरनं त्या घरात नुकताच सत्यनारायण घातला होता. हॉलच्या भिंतीवर दत्ताची मोठी तसबीर, ताजा हार, खाली पाट, रांगोळी, समई तेवतेय. साहेब तिथे आला. पायातल्या निळ्या पिशव्या काढल्या, यंत्र काखेत धरलं, नमस्कार केला आणि पुढच्या भिंतीकडे गेला. कौसाबाईनं रांगोळीच्या कडेपर्यंत फडकं आणलं, हात जोडले आणि फडकं मागे वळवलं. आम्ही दोघांनीही जोडले. चार माणसं घर तपासायला आली होती आणि चौघांनी भिंतीला नमस्कार केला.

साहेबानं तीन वाकडी बटणं आणि एका फरशीचा वेगळा रंग शोधून काढला. कौसाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "उतार बरा हाय. लादी भरीव हाय. घ्या."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती 'घ्या' म्हणाली. शकूनं पुन्हा विचारलं, "नक्की?"

"घ्या, वहिनी."

साहेबाचा रिपोर्ट आला, चाळीस पानी, रंगीत फोटो, सगळा इंग्रजीत. विजयनं पहिलं पान वाचून फोन केला, "बाबा, सगळं हिरवं आहे." आम्ही घर घेतलं. चाव्या देताना बिल्डर म्हणाला, "तसबीर माझ्याकडून भेट, काका. बसलेला देव हलवू नये." आम्ही दोघं भारावून गेलो. असे धार्मिक बिल्डर आता कुठे राहिलेत, असं मी चार जणांना सांगितलं. शकूनं नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. बाहेर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. तिला ती पुरली.

श्रावणात हार बदलायला तिनं तसबीर जरा पुढे ओढली, तर मागचा पुठ्ठा हातात आला, भिजलेल्या पापडासारखा. मागची भिंत काळी पडलेली. बोट लावलं की गिलावा भुकटी होऊन गळायचा. भिंतीपलीकडे डक्ट, त्यातला वरच्या मजल्याचा पाइप ठिबकत होता.

कौसाबाईला बोलावलं. तिनं भिंत बघितली, सोफ्यावर टेकवून ठेवलेल्या तसबिरीकडे बघितलं आणि जमिनीवर बसली. "देवाला पुढं केलं मेल्यांनी." मग म्हणाली, "आन् मी बघितलं नाय." शकूनं केलेला चहा तिनं घेतला नाही.

विजयनं तो रिपोर्ट पुन्हा उघडला. सदतिसाव्या पानावर बारीक अक्षरात होतं, हॉलच्या एका भिंतीवर धार्मिक वस्तू असल्यामुळे ती भिंत तपासलेली नाही. म्हणजे साहेब खरं बोलला होता. फक्त इंग्रजीत आणि सदतिसाव्या पानावर. बिल्डरला फोन केला तर त्यानं विचारलं, "तिथे अभिषेक वगैरे करता का तुम्ही?"

कौसाबाईनं ओळखीचा प्लंबर आणला, गिलावा खरवडून पुन्हा करून घेतला आणि नव्या गिलाव्याला स्वतः सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. सिडकोतून बसनं यायची. भिंत कोरडी झाली. देव स्वयंपाकघराच्या फळीवर गेला, हॉलमध्ये त्याचा खिळा तेवढा राहिला. चांगला दणकट खिळा होता.

त्यानंतर तिनं एक नियम केला. कोणाच्याही घरी तपासायला गेली की आधी देवापुढे उभी राहायची, हात जोडायची आणि म्हणायची, "सरक रे बाबा जरा." मग तसबीर उचलून मागे तळहात लावायची. एका देव्हाऱ्यामागे तिला वाळवी सापडली. एका घरात मालकीणबाईंनी आमचे देव बाटवले म्हणून हाकलून दिलं. ती बादली जागेवर ठेवून निघाली. "देवाला राग नाय आला. बाईंना आला. त्यापायी तिथं कायतरी हाय," असं शकूला सांगत होती. दोघी खूप हसल्या.

शकू त्या खिडकीत दोन वर्षं उभी राहिली. मग आजारी पडली आणि गेली. आजाराचं लिहीत नाही. दहाव्याला सकाळी कौसाबाई आली, पाहुणे यायच्या आत सगळं घर पुसलं आणि गेली.

शकूचा फोटो मोठा करून आणला. हॉलमध्ये खिळा होताच, त्याच खिळ्याला लावला. तेव्हा भिंत कोरडी होती, हे शपथेवर सांगतो. तीन-चार महिन्यांनी चौकटीच्या खालच्या कडेला चहा सांडल्यासारखा डाग दिसायला लागला. तोवर विजयचं सुरू झालं होतं, बाबा, एकटे कसे राहणार, विकू आणि पुण्याला या. मी हो म्हटलं. रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत जेवायचा मलाही कंटाळा आला होता. एजंट येऊन गेला. म्हणाला, "आईंचा फोटो राहू द्या तिथेच, काका. बघायला येणाऱ्यांवर चांगला परिणाम होतो." तो गेल्यावर मी फोटोची दोरी चार बोटं वाढवली. फोटो खाली आला आणि डाग झाकला गेला. दुसरं काही कारण नव्हतं.

मग एका रविवारी एक तरुण जोडपं घर बघायला आलं. मुलगी शाळेत शिकवणारी, मुलगा औषधाच्या कंपनीत. त्यांच्या मागून चपलांची पिशवी काखेत मारून, अनवाणी, कौसाबाई. त्या मुलीच्या आईकडे ती लादी पुसायची. कोणतं घर बघायचंय ते तिला फाटकापाशी आल्यावरच कळलं असणार.

मला बघून ती जराशी थांबली. मग कधी न बघितलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "बादली हाय का? आन् फडकं?"

मी दिलं. बादली शकूनंच घेतलेली होती.

तिनं घर पुसलं. खोल्या, न्हाणीघर, स्वयंपाकघर. जोडपं खिडकीत उभं राहून टाकी बघत होतं, मुलीला खिडकी आवडलेली दिसत होती. शेवटी कौसाबाई हॉलमध्ये आली, फडकं बाजूला ठेवलं आणि फोटोसमोर उभी राहिली. हात जोडले.  मला वाटलं, नाही उचलणार. देव वेगळा आणि शकू वेगळी. तिच्या हातची कौसाबाईनं मेथी खाल्लीय.

"सरका वहिनी जरा," म्हणाली.

दोन्ही हातांनी फोटो उचलून तिनं सोफ्यावर टेकवला आणि भिंतीला तळहात लावला. तळहात उलटा करून बघितला. मग माझ्याकडे न बघता त्या दोघांना म्हणाली, "ओल हाय. डक्टातला पाइप पुन्ना ठिबकतोय. जुना पाइप काढून नवा टाकावा लागंल. बाकी घर भरीव हाय."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मुलगी बिचारी जमिनीकडे. "आम्ही कळवतो, काका," म्हणून दोघं खाली गेली.

कौसाबाई मागे राहिली. न्हाणीघरात फडकं धुतलं, पिळलं, दांडीवर वाळत घातलं. बाहेर येऊन फोटो उलटा केला. मागच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरली होती. पदरानं ती पुसता पुसता म्हणाली, "वहिनींना ओलीत टांगलं व्हय, दादा?"

मी फोटो घ्यायला हात पुढे केला.  

तिनं उत्तराची वाटही बघितली नाही. फोटो काखेत घेऊन ती घरभर हिंडली. एकेका भिंतीला तळहात लावायची, मग गाल लावायची, मग पुढे. शेवटी स्वयंपाकघरात खिडकीशेजारी थांबली. "हितं ठोका खिळा."

मी म्हटलं, "गेलेल्या माणसाचा फोटो स्वयंपाकघरात लावत नाहीत, कौसाबाई."

"कोरडी भिंत हीच हाय," म्हणाली आणि फोटो धरून उभी राहिली. मी हातोडी आणली.

त्या जोडप्यानं कळवलं नाही. विजय फोनवर चिडला, "बाबा, ती बाई आहे तरी कोणाच्या बाजूची?" मी सांगितलं, फडक्याच्या. पाइप मी बदलून घेतला आणि घर विकायचं तूर्त राहू दे म्हणून सांगितलं. पुढे कौसाबाई मुलीकडे घोटीला गेली, गुडघ्यांनी आता जिने होत नव्हते. त्या रविवारनंतर ती मला दिसली नाही.

त्या दिवशी ती गेली ते मी शकूच्या खिडकीतून बघत होतो. जोडपं पुढे निघून गेलं होतं. ती जिना उतरून बाहेर आली, अजून अनवाणीच. फाटकापाशी थांबली, पिशवीतून चपला काढल्या, एका हातानं खांब धरून पायात घातल्या. आणि वर बघितलं.